जुन्या विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताय? आधी जुना कॉम्प्युटर बघा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. काउंटरवर फुकट मिळतं. वाचून परत ठेवलंत तरी चालेल.)

आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवतं आणि म्हणतं, "यात विंडोज सेव्हन आहे, पण बूटच होत नाही. बघा ना जरा." आम्ही विचारतो, कुठल्या मशीनला लावायचाय? "आहे घरी एक, जुनाच आहे." बोर्ड कुठला, किती सालचा, डिस्कवर काय आहे, काही ठाऊक नसतं. मग आम्ही पेनड्राइव्ह परत देतो आणि मशीन घेऊन या म्हणतो. गिऱ्हाइकाला वाटतं, टाळताहेत. टाळत नाही. का परत पाठवतो ते प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यात आमचा अर्धा दिवस जातो, म्हणून हे छापून घेतलं.

जुनी विंडोज कशाला हवी, असं आम्ही विचारत नाही. विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४लाच, हे आम्हालाही माहीत आहे. पण नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्यांची पंधरा वर्षांची कामं पेजमेकरमध्ये आहेत, फॉण्टच्या डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागते ती छोटी चावी) ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नाही, आणि दिवाळी अंकाची पानं गळ्याशी आलेली असतात. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनला जोडलेला कॉम्प्युटर एक्सपीवरच चालतो. त्याच्यासाठी अख्खं मशीन बदला म्हणणारे आम्ही कोण? (गुरुवारी एमआयडीसीला सुटी, म्हणून गुरुवारी सकाळी आमच्याकडे गर्दी असते. पेठेतल्यांनी शक्यतो शुक्रवारी यावं.)

आधी एक छोटी गोष्ट उरकून टाकू. आयएसओ फाइल (विंडोजची अख्खी डीव्हीडी एका फाइलमध्ये) पेनड्राइव्हमध्ये कॉपी-पेस्ट केली की पेनड्राइव्ह बूटेबल होत नाही, म्हणजे त्यावरून मशीन सुरू होत नाही. गाणी भरतो तसं हे काम नाही. मशीन सुरू होताना बायोस (मशीन सुरू करून देणारा, बोर्डावरचाच प्रोग्राम) पेनड्राइव्हवरचा बूट कोड शोधतं, आत ठेवलेली आयएसओ उघडून बघत नाही. त्यासाठी रूफससारखा प्रोग्राम लागतो. तो फुकट आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. विंडोज ७ला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. रूफस पेनड्राइव्ह पूर्ण पुसतो, तेव्हा आतले मुंजीचे फोटो आधी काढून घ्या. तो तशी सूचना देतो, पण ती वाचायच्या आधीच लोक ओके दाबून मोकळे झालेले असतात.

आता मुद्द्याचं. पेनड्राइव्ह तुम्ही नव्या लॅपटॉपवर बनवता, पण तो बनतो जुन्या मशीनसाठी. त्यामुळे रूफसमधली प्रत्येक निवड जुन्या मशीनकडे बघून करायची असते, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. रूफसमध्ये 'पार्टिशन स्कीम' नावाचा एक चौकोन आहे. त्यात दोन पर्याय असतात, एमबीआर आणि जीपीटी. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं, नोंदवायच्या या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी. जुन्या बायोसच्या मशीनला एमबीआर लागतं. यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) पद्धतीने सुरू होणाऱ्या मशीनला जीपीटी. रूफस स्वतःहून जे भरून दाखवतो ते तुमच्या जुन्या डब्याला विचारून भरलेलं नसतं. त्याला तुमचा डबा दिसतच नाही.

निवड चुकली की दोन प्रकार होतात. पहिला निरुपद्रवी. जीपीटीचा पेनड्राइव्ह जुन्या बायोसच्या मशीनला लावला, तर काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत बसते, नाहीतर मशीन पेनड्राइव्हकडे ढुंकूनही न बघता हार्ड डिस्कवरून सुरू होतं. नुकसान काही नाही, फक्त वेळ जातो.

दुसरा प्रकार महागाचा. मशीन २०१३-१४चं, येतानाच विंडोज ८ असलेलं, म्हणजे डिस्क जीपीटी. त्याला तुम्ही एमबीआरचा पेनड्राइव्ह लावता. सेटअप व्यवस्थित सुरू होतो, भाषा विचारतो, अटी मान्य करून घेतो. डिस्क निवडायच्या पडद्यावर मात्र खाली पिवळ्या त्रिकोणाशेजारी एक ओळ येते: 'विंडोज कॅनॉट बी इन्स्टॉल्ड टू धिस डिस्क'. तपशील उघडला की डिस्क जीपीटी आहे, असं कारण दिसतं. इथे माणूस मोबाइल काढतो आणि व्हिडिओ शोधतो. व्हिडिओवाला सांगतो, शिफ्ट आणि एफ१० दाबा, डिस्कपार्ट लिहा, सिलेक्ट डिस्क झीरो, क्लीन. एंटर. पडद्यावर लगेच 'यशस्वी' असं येतं. आणि यशस्वी झालेलंच असतं. सगळी पार्टिशनं गेलेली असतात, सी बरोबर डी आणि ई सुद्धा.

मागे एका छपाईवाल्या काकांचं असंच झालं. पेनड्राइव्ह त्यांच्या इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने बनवला होता. मुलगा हुशार, चूक फक्त त्या एका चौकोनाची. क्लीन केल्यावर त्याने वर विंडोज टाकली, प्रिंटर जोडला, आणि मग काकांनी विचारलं, "अरे, डी ड्राइव्ह कुठे गेला?" काका मशीन रिक्षात घालून आमच्याकडे आले. नुसतं क्लीन केलं असतं तर आशा बरी होती, कारण ती कमांड फक्त पार्टिशनची नोंद पुसते, आतला डेटा जागेवरच असतो. पण वरून नवी विंडोज लिहिली गेली होती. बऱ्याच फाइली निघाल्या, पण नावं गेलेली, सगळ्यांवर नुसते नंबर. लग्नपत्रिका कुठली, बिलबुक कुठलं, काही कळेना. काकू चार दिवस एकेक फाइल उघडून नावं देत बसल्या होत्या.

म्हणून हे नीट वाचा. जीपीटीची ती ओळ आली तर डिस्कमध्ये काही दोष नाही. पेनड्राइव्ह चुकीचा बनलाय किंवा चुकीच्या पद्धतीने बूट झालाय. सेटअप बंद करा, मशीन बंद करा, पेनड्राइव्ह पुन्हा बनवा. डिस्कला हात लावू नका. आणि चुकून क्लीन झालंच, तर त्या क्षणी मशीनचा स्विच बंद करा आणि तसंच आमच्याकडे आणा. पुढे एक फाइलही लिहू नका.

तुमची डिस्क कुठल्या प्रकारची ते कळायला, मशीन चालू असेल तर, दोन मिनिटं लागतात. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट. खाली 'डिस्क ०' लिहिलेल्या राखाडी चौकोनावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. तिथे 'पार्टिशन स्टाइल' समोर काय लिहिलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. आमच्याकडे येताना तेवढा फोटो आणलात तरी निम्मं काम होतं.

जीपीटी निघालं, तर विंडोज ७ची ६४ बिट आयएसओच लागेल. ३२ बिटची यूईएफआयमधून चढत नाही. शिवाय बायोसमध्ये सिक्युअर बूट (अनोळखी बूट कोड अडवणारं कुलूप) बंद आणि सीएसएम (जुन्या बायोससारखं वागायची सोय) चालू करावं लागतं. उलट तुमचं सॉफ्टवेअर फारच जुनं, १६ बिटचं असेल, तर ६४ बिट विंडोजवर ते उघडणारच नाही आणि ३२ बिटच घ्यावी लागेल. दोन्ही अडचणी एकाच मशीनमध्ये आल्या, तर या, बसून बोलू.

आता दुसरी तक्रार: "सीडी नाही, तरी सीडीचा ड्रायव्हर मागतोय." पेनड्राइव्ह बूट झाला, 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं आणि सेटअप म्हणाला की सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. लोक समजतात आयएसओ खराब आहे आणि दुसरी डाउनलोड करतात, मग तिसरी. आयएसओ बहुधा ठीकच असते. विंडोज ७ आली २००९मध्ये. तिच्या सेटअपमध्ये यूएसबी ३चा ड्रायव्हरच नाही. सुरुवातीचे पडदे बायोसच्या मदतीने दिसतात, पण सेटअपने स्वतः कारभार हाती घेतला की निळ्या, म्हणजे यूएसबी ३च्या पोर्टातला पेनड्राइव्ह त्याला दिसेनासा होतो. मागचा काळा, यूएसबी २चा पोर्ट वापरा, एवढंच. त्या पडद्यावर अडकलाच असाल तर कॅन्सल करून पहिल्या पानावर या, पेनड्राइव्ह काळ्या पोर्टात घाला आणि पुन्हा 'इन्स्टॉल नाऊ' दाबा. बऱ्याच वेळा तेवढ्यावर काम होतं.

२०१५नंतरच्या इंटेल बोर्डांवर, म्हणजे सहाव्या जनरेशनपासून पुढे, काळा पोर्ट असूनही उपयोग होत नाही. यूएसबीचा जुना कंट्रोलरच काढून टाकलाय, त्यामुळे सेटअपमध्ये कीबोर्ड-माउसही मरतात. तिथे आयएसओ उघडून तिच्यात यूएसबी ३चे ड्रायव्हर घालावे लागतात. हे आम्ही करून देतो. घरीही जमतं, पण पहिल्या वेळी एक रविवार धरून ठेवा.

एक्सपीसाठी आमचा सल्ला थोडा उलटा आहे. मशीनला चालू सीडी ड्राइव्ह असेल तर पेनड्राइव्हच्या भानगडीत पडू नका. एक्सपी एका सीडीत मावते, आणि ती सीडीसाठीच बनलेली आहे. सेटअप सुरू होताना निळा पडदा आणि शेवटी '७बी' असा आकडा आला, तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय असेल. तो आयडीई करा.

बूट मेनूचं बटण प्रत्येक कंपनीचं वेगळं. डेल, लेनोवो आणि गिगाबाइटला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असुसच्या डेस्कटॉपला एफ८, एमएसआयला एफ११. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि फोन येतो, "तिसऱ्यांदा तेच विचारतोय."

आयएसओ कुठून आणायची, हे आम्ही सांगत नाही. मायक्रोसॉफ्ट आता विंडोज ७ डाउनलोडला देत नाही. तुमच्याकडे मूळ डीव्हीडी असेल आणि कॅबिनेटवर लायसन्सचं स्टिकर असेल, तर त्या डीव्हीडीवरून पेनड्राइव्ह बनवून देतो. 'लाइट' किंवा 'प्री-अ‍ॅक्टिव्हेटेड' नावाने फिरणाऱ्या आयएसओ आम्ही टाकत नाही. आत कुणी काय घुसवलंय याची हमी आम्ही कशी द्यावी? रागावून बाहेर पडलेले लोक आहेत, त्याला इलाज नाही.

जुनं मशीन शक्यतो इंटरनेटला जोडू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर ज्या मशीनांतल्या फाइली ओलीस धरल्या, त्यांतली बहुतेक मशीनं विंडोज ७चीच होती, आणि दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली असून घातलेली नव्हती. क्रोमही विंडोज ७वर १०९व्या आवृत्तीवर थांबलंय. बँकेची कामं मोबाइलवर करा.

शेवटी आमची पद्धत, कारण तिच्यावरूनही वाद होतात. आम्ही तुमच्या जुन्या डिस्कवर विंडोज टाकत नाही. ती काढतो, नाव लिहून पाकिटात घालतो, आणि नव्या एसएसडीवर विंडोज ७ चढवतो. "एसएसडी खपवायला करता," असं तोंडावर म्हणणारे आहेत. खपते, नाही म्हणत नाही. पण महिनाभराने एखाद्या पक्षकाराची जुनी फाइल लागली, तर ती त्या पाकिटात असते. मशीनही पहिल्यापेक्षा लवकर उठतं. एक्सपीवाल्यांना मात्र एसएसडीचा आग्रह करत नाही, कारण एक्सपीला ट्रिम (एसएसडीला पुसलेली जागा कळवणं) येत नाही. त्यांना दुसरी हार्ड डिस्क लावून देतो.

तपासणीचे २०० रुपये, काम आमच्याकडे केलंत तर बिलातून वजा. मॉनिटर, कीबोर्ड, वायरी आणू नका, इथे सगळं आहे. नुसतं कॅबिनेट आणा, आणि डोंगल. डोंगल घरी विसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, आणि त्या दिवशी गुरुवार असतो.