लशीचे पैसे आणि ती टोचण्याचे पैसे

सोलापूर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा सांगोल्याकडच्या एखाद्या उपकेंद्रात बाळाला मिळणारी लस पालकांना मोफत असते. कुपी केंद्र सरकार विकत घेते. ती थंड ठेवून गावापर्यंत नेण्याचा आणि टोचण्याचा भार मात्र बराचसा राज्याच्या व स्थानिक यंत्रणेवर पडतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येणाऱ्या निधीतही २०१५-१६ पासून केंद्र व राज्याचा वाटा ६०:४० असा आहे.

स्थानिक तिजोरीवरचा हा भार जुना आहे. मुंबई शहरासाठी १८७७ मध्ये देवीच्या लसीकरणाचा कायदा झाला; इलाख्यात मात्र देवी काढणाऱ्यांच्या, म्हणजे लस टोचणाऱ्यांच्या, खर्चाचा काही भाग लोकल बोर्डे आणि नगरपालिकांकडेच राहिला. पंढरपुरात तर यात्रेकरूंकडून कर घेऊन यात्रेच्या स्वच्छतेची तजवीज केली जाई, म्हणजे पटकी रोखण्याचा बोजा अखेर वारकऱ्यावरच येई.

१९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा शीतसाखळी, म्हणजे लस थंड ठेवून पोहोचवण्याची व्यवस्था, उभारायला युनिसेफची मदत होती. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर यांच्यावरच्या त्या जुन्या लशी इतक्या स्वस्त होत्या की खरा खर्च पोहोचवण्यातच होता. शिवाय एक खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही : हजार विड्यांमागे मजुरी मिळवणारी सोलापुरातील विडी कामगार बाळाला घेऊन रांगेत उभी राहते, तेव्हा तेवढ्या वेळाची मजुरी तिलाच सोडावी लागते. लस मोफत असूनही डोस का चुकतात, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे, असे मला वाटते.

पुढे नव्या लशी आल्या आणि कुपीच महाग झाली. हा पेच सोडवण्यासाठी २००० मध्ये ‘गावी’ ही आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. देणगीदार देशांनी पुढील अनेक वर्षांसाठी दिलेल्या वचनांच्या तारणावर २००६ मध्ये १ अब्ज डॉलरचे रोखे विकून उद्याचा पैसा आज लसीकरणासाठी उभा करण्यात आला. न्यूमोनियासारख्या आजारांपासून वाचवणाऱ्या न्यूमोकॉकल लशीसाठी १.५ अब्ज डॉलरची आगाऊ खरेदी-हमी २००९ मध्ये अमलात आली. गरीब देशांत गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नसल्याने कंपन्या उत्पादन वाढवत नव्हत्या, ती अडचण या हमीने दूर करायची होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढे याच रोगावर तुलनेने स्वस्त लस आणली. भारताने २०१७ पासून ‘गावी’च्या साहाय्याने न्यूमोकॉकल लस टप्प्याटप्प्याने कार्यक्रमात घेतली आणि २०२१ मध्ये ती देशभर नेली.

त्याच वर्षी खरेदीची जुनी वाटणी काही आठवडे मोडली. केंद्राच्या अर्थसंकल्पात कोविड लशीसाठी ३५,००० कोटी रुपये असतानाही १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठीची खरेदी राज्यांकडे सोपवली गेली, आणि केंद्राला १५० रुपयांना पडणारी कोविशील्ड राज्यांसाठी आधी ४०० व मग ३०० रुपये ठरली. एकाच कारखान्याच्या दारात केंद्र आणि राज्ये वेगवेगळ्या भावाने उभी राहावीत, ही तजवीज फार काळ टिकणारी नव्हतीच. २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के उत्पादन स्वतः विकत घेऊन राज्यांना मोफत पुरवायला सुरुवात केली. उरलेले २५ टक्के खासगी रुग्णालयांसाठी राहिले.