सोडल्यावरची बडबड

‘पेत होता तवा बरा होता, सोडली अन् खाटेवर पडला.’ विदर्भातल्या कुठल्याही गावात पारावर बसलात तर दारू सोडलेल्या माणसाबद्दल हे वाक्य कानावर पडतंच. शिकलेली माणसं त्यावर हसतात. पण घरच्यांनी जे डोळ्यांनी पाहिलेलं असतं, ते खोटं नसतं.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की 6 ते 24 तासांत हात थरथरू लागतात. घाम सुटतो, छाती धडधडते, झोप उडते. बहुतेकांचं एवढ्यावरच निभावतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत मिरगीसारखे झटके येतात. आणि थोड्यांच्या बाबतीत दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान खरं संकट उभं राहतं. माणूस अंगावरचे नसलेले किडे झटकत बसतो, अंथरुणातून उठून ‘बैल सुटले’ म्हणत दाराकडे धावतो, बायकोला ओळखत नाही, अंग तापतं. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नाही मिळाले तर यात जीव जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं, बाहेरचं लागलं. मग कोणीतरी जाणता ग्लासभर मोहाची पाजतो, माणूस शांत होतो, आणि पारावरचं ते वाक्य आणखी पक्कं होतं.

दारू मेंदूला गुंगी आणते. रोजच्या गुंगीवर मात करायला मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवत नेतो. चिखलातली भरली बंडी जीव खाऊन ओढणाऱ्या बैलांचा दोर तुटावा, तसं दारू थांबल्यावर होतं. ओझं गेलं, पण जोर तसाच राहिला. तो ओसरायला काही दिवस लागतात.

दारू थांबते ती काही शपथ घेऊनच थांबते असं नाही. साप चावला, पाय मोडला, माणूस दवाखान्यात भरती झाला की आपोआप थांबते. 2020च्या लॉकडाऊनमध्ये अनेकांची अशीच थांबली. म्हणून भरती करतानाच डॉक्टरांना खरं सांगायला हवं. वर्धा-गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत नातेवाईक हमखास ‘कधीमधी घेते’ म्हणतात. 42.8 टक्क्यांचा 180 मिलीचा एक पव्वा म्हणजे साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. रोज दोन पव्वे घेणारा ‘कधीमधी’त बसत नाही.

उपचार साधे आहेत. लोराझेपामसारखी झोपेची गोळी काही दिवस देऊन हळूहळू कमी करायची, आणि थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, सुरुवातीपासून द्यायचं. गावात मात्र आधी मागणी होते ती सलाईनची. अशक्तपणा आला ना, मग लावा एक बाटली! पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 आधीच कमी असतं. थायमिन न देता ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलंही खर्ची पडतं. डोळे तिरळे होणं, तोल जाणं, स्मृती कायमची जाणं, इथपर्यंत मजल जाऊ शकते.

याच खाटेवर दुसऱ्या प्रकारची बडबडही दिसते, आणि तिची गल्लत महागात पडते. लिव्हर वर्षानुवर्षं निमूट सोसतं. आधी त्यात चरबी साठते. या टप्प्यावर दारू पूर्ण बंद केली तर काही आठवड्यांत ती बरीचशी ओसरते. पुढे सूज येते, मग लिव्हर निबर होतं, म्हणजे सिरॉसिस. त्यातून रक्त वाहायला वाट उरत नाही. पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. अमोनियासारखी घाण रक्तात राहून मेंदूवर चढली की माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो. इथे झोपेची गोळी घातक ठरते. इथे लॅक्टुलोजचं सिरप लागतं, दिवसाला दोन-तीन वेळा शौचाला होईल एवढं. बाहेरून दोन्ही बडबडी सारख्याच वाटतात आणि औषधं उलटी. म्हणून घरात हा प्रयोग करायचा नाही, 108ला फोन करायचा.

कावीळ दिसली की तेल, डाळ, अंडी सगळं बंद आणि नुसता उसाचा रस, हेही चुकीचंच. आधीच हातापायांच्या काड्या झालेल्या सिरॉसिसच्या रोग्याला प्रथिनं जास्त लागतात; मीठ कमी करावं, वरण कमी करू नये. झोपण्याआधीही थोडं खायला द्यावं, कारण आजारी लिव्हरला रात्रभराच्या उपाशीपोटासाठी साखर साठवून ठेवता येत नाही.

भाजीतून चोरून द्यायची ‘दारू सोडवायची पावडर’ जवळपास प्रत्येक बाजारात मिळते. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यावर रक्तदाब कोसळतो, आणि ते लिव्हरलाही बाधतं. तल्लफ कमी करणारी चांगली औषधं आहेत. लिव्हर बिघडलेलं असेल तर बॅक्लोफेन डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतं. कुठे जायचं कळत नसेल तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. तिथे पिणाऱ्यानेच फोन करायला हवा असं नाही. बायकोने केला तरी चालतो.