काळ्या मातीची तहान कधी मोजायची?

बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगावच्या काळ्या शिवारातून वैशाखात चालताना चप्पल भेगेत अडकते. त्या भेगेत कळशीभर पाणी ओता, कुठं गेलं ते कळत नाही. आषाढात त्याच रानात चप्पल चिखलात रुतते, आणि पावलाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तिथंच असतं.

ही करामत माँटमोरिलोनाइट या खनिजाची. त्याचे सूक्ष्म पापुद्रे पाणी पिऊन फुगतात, भेगा मिटतात, पाण्याच्या वाटा बंद होतात.

माती पाणी किती पिते, ते मोजायची रीत साधी आहे. साधारण ३० आणि ६० सेंटिमीटर व्यासाची, बूड नसलेली दोन लोखंडी कडी एकात एक ठेवून जमिनीत ठोकायची. दोन्हींत पाणी भरायचं. आतल्या कड्यात पट्टी उभी करून पातळी किती उतरली ते घड्याळ लावून टिपायचं. बाहेरचं पाणी नुसतं पहाऱ्याला: आतलं पाणी आडवं न पसरता सरळ खाली जावं म्हणून. आधी पातळी भराभर उतरते, मग रेंगाळते. वेग स्थिरावला की तो खरा आकडा. चिकणमातीत तो तासाला १ ते ५ मिलिमीटर, वाळूत ३० च्या वर. मे महिन्यात जाऊन अर्ध्या तासात उठलात, तर माप मातीचं नव्हे, भेगांचं घेऊन याल.

आता घरचा हिशेब. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर छतावरून साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी उतरतं. परसात १० चौरस मीटर काळी माती मोकळी असली, तरी भिजल्यावर ती तासाला फार तर ५० लिटर पिते. उरलेलं गटारात, आणि तिथून बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात.

गंमत अशी, की भात लावणारा चिखलणी करतो ती पाणी मुरू नये म्हणूनच. ज्या मातीला पाणी धरायला आपणच शिकवलं, तिच्यावर प्लॉट पाडायचे, वरून जेसीबी फिरवून ती आणखी दाबायची, आणि मग शोषखड्ड्याकडून चमत्काराची अपेक्षा! खड्डा मुरमापर्यंत खोल गेला तर थोडी आशा.

म्हणून कडी जुलैत ठोकावीत, दोन-चार दिवसांच्या झडीनंतर. उपसायला मात्र दोघं लागतात. ओली रेगड लोखंड सहजी सोडत नाही.