मॉडची प्रगती आणि प्रकाशनाची तारीख कळवण्याची रीत

तयार गेममध्ये चाहत्यांनी हौसेने केलेली भर किंवा फेरफार म्हणजे मॉड. त्यात नवी गाडी असेल, नवा नकाशा असेल, कधी मूळ गेमएवढीच मोठी नवी कथाही असेल. असा मॉड तयार होत असताना काम कुठवर आले, काय उरले आणि तो हाती कधी पडेल, हे वाट पाहणाऱ्यांना कळवत राहणे हा मॉड करणाऱ्यांच्या व्यापाचा एक वेगळा भाग होऊन बसला आहे. गेम कंपनीकडे त्यासाठी पगारी माणसे असतात. मॉड करणारा दिवसा कॉलेजला किंवा नोकरीला जातो, रात्री मॉडेल घडवतो आणि उरलेल्या वेळात "कधी येणार?" या एकाच प्रश्नाला शंभर जणांना उत्तरे देतो. या उत्तरांचे काही संकेत गेल्या पंचवीसएक वर्षांत जगभर ठरत गेले. कोल्हापुरात त्यांना स्थानिक वळण आहे, त्याचा विचार पुढे केला आहे.

पूर्वपीठिका

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा बोचत नव्हता. ‘हाफ-लाइफ’ या गेमवर उभा राहिलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड जून १९९९ मध्ये बीटा, म्हणजे चाचणीच्या कच्च्या, रूपात आला, मग एकामागून एक सुधारलेले बीटा निघाले आणि नोव्हेंबर २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्याची पहिली पूर्ण आवृत्ती बाजारात आणली. अर्धवट वस्तूच लोकांच्या हाती होती. ती खेळून पाहिली की प्रगती कळे, वेगळे सांगावे लागत नसे.

पुढे मॉड मोठे होत गेले. पाच-सात वर्षे चालणारे प्रकल्प निघाले आणि त्यांचे अर्धे-मुर्धे रूप खेळण्याजोगे नसे. मग दाखवायचे काय, तर चित्रे, ट्रेलर, संगीताचे तुकडे. २००२ साली सुरू झालेल्या मॉडडीबीसारख्या संकेतस्थळांनी प्रत्येक मॉडला स्वतःचे पान दिले. २०१५ नंतर डिस्कॉर्ड या गटगप्पांच्या अ‍ॅपने चाहत्यांना थेट कामाच्या खोलीत आणून बसवले. दाखवणे सोपे झाले, तशी वाट पाहणाऱ्यांची संख्याही वाढली.

तारीख का हुकते

समजा, कोल्हापुरातल्या तिघा मित्रांनी ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या ट्रक चालवण्याच्या गेमसाठी कोल्हापूर ते गगनबावडा हा रस्ता करायला घेतला. प्रत्यक्ष अंतर सुमारे ५५ किलोमीटर. गेमच्या मूळ नकाशाचे १:१९ हे प्रमाण धरले तर जेमतेम तीन किलोमीटर भरते. तीन किलोमीटरला कितीसा वेळ लागणार, असे वाटून ते "दिवाळीला देतो" म्हणतात. रंकाळ्याकडून बाहेर पडून फुलेवाडी, बालिंगा, कळे असा सपाटीचा रस्ता खरोखरच भराभर होतो. दोन्ही बाजूंना ऊस लावला की काम निम्मे झाल्यासारखे दिसते. त्याची चित्रे टाकली जातात. लगेच विचारणा होते : घाट नाही व्हय?

गगनबावड्यातून खाली करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट उतरतात. करूळ घेतला की भुईबावड्याची मागणी येतेच. घाटातली वळणे इतक्या छोट्या प्रमाणात बसवताना आवळली जातात, लांब गाडी त्यांत अडकते, मग ती पुन्हा मोकळी करावी लागतात. दरीच्या कडेला गाडी जमिनीतून आरपार पडते, ते भोक शोधण्यात आठवडा जातो. एवढ्यात गेमची नवी आवृत्ती येते. नकाशाचे मॉड ठरावीक आवृत्तीशी बांधलेले असतात, त्यामुळे काल चालणारा नकाशा आज गेम सुरू होतानाच बंद पडतो. दिवाळी केव्हाच होऊन गेलेली असते.

या हिशेबात कोणीही खोटे बोललेले नाही. काम डोळ्यांना दिसते त्या भागाला लागणारा वेळ आणि न दिसणाऱ्या भागाला लागणारा वेळ यांत फार अंतर असते, एवढेच. बेल लॅब्जमधील टॉम कारगिल यांच्या नावावर एक मार्मिक नियम सांगितला जातो : पहिल्या ९० टक्के कामाला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्क्यांना आणखी ९० टक्के. म्हणूनच "८० टक्के झालंय" हे वाक्य मॉडच्या जगात सर्वांत दिशाभूल करणारे ठरते. ऐकणारा उरलेले २० टक्के सरळ दिवसांत मोजतो. मदतीला आणखी माणसे घ्या, हा चाहत्यांचा सल्लाही तितकाच फसवा आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच मांडले होते की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसे घातली तर ते आणखी रखडते. जुन्या माणसांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो.

गाजलेली उदाहरणे

‘हाफ-लाइफ’चे नव्याने केलेले रूप म्हणजे ‘ब्लॅक मेसा’. डिसेंबर २००८ मध्ये त्याचा ट्रेलर आला आणि त्यात २००९ हे साल होते. ते साल हुकले. त्यानंतर गटाने तारीख देणेच सोडून "पूर्ण झाले की येईल" एवढेच म्हणायचे ठरवले. अखेर १४ सप्टेंबर २०१२ रोजी मॉड आला, तोही शेवटचा ‘झेन’ हा परक्या जगातला भाग वगळून. पुढे झेनसाठी २०१७ ची आशा दाखवली गेली. तीही पुरी झाली नाही आणि संपूर्ण आवृत्ती मार्च २०२० मध्ये निघाली. एकदा तारखेने पोळलेल्या गटालाही दुसऱ्यांदा तारीख द्यावीशी वाटली, हे यात खरे लक्षणीय. दबाव बाहेरचा असतो तसा आतलाही असतो : काम करणाऱ्यालाच शेवट कुठेतरी दिसायला हवा असतो.

"पूर्ण झाले की येईल" हे उत्तर मॉड करणाऱ्यांनी व्यावसायिक गेम कंपन्यांकडून उचलले. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ हा १९९७ मध्ये जाहीर झालेला गेम याच उत्तरावर वर्षानुवर्षे राहिला आणि २०११ मध्ये आला. उत्तर प्रामाणिक आहे, पण ते एकटेच दिले तर त्यात माहिती शून्य असते.

‘फॉलआउट : लंडन’ या मोठ्या मॉडने वेगळाच धडा दिला. इंग्लंडचा संत जॉर्ज दिन म्हणून २३ एप्रिल २०२४ ही तारीख निवडली होती. मूळ गेम ‘फॉलआउट ४’ची मोठी सुधारित आवृत्ती बेथेस्डा कंपनी २५ एप्रिलला आणणार, हे नंतर कळले. ती येताच मॉड ज्यावर उभा आहे ती साधने मोडण्याची शक्यता होती. गटाने प्रकाशन पुढे ढकलले, कारण उघड सांगितले आणि २५ जुलै २०२४ रोजी जीओजी या गेमविक्रीच्या संकेतस्थळावरून मॉड फुकट दिला. कारण नेमके, पडताळता येण्याजोगे आणि गटाच्या हाताबाहेरचे होते, त्यामुळे ते समजावून सांगणे सोपे गेले. मात्र मूळ कंपनी आपल्या वेळापत्रकात मॉडवाल्यांना विचारत नाही, हेही त्यातून स्पष्ट झाले.

याउलट ‘टॅमरिएल रिबिल्ट’ हा ‘मॉरोविंड’ या गेमवरचा प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे आणि नकाशाचा एकेक प्रदेश पुरा होईल तसा प्रसिद्ध करतो. संपूर्ण काम कधी संपेल, हा प्रश्न तिथे जवळजवळ निरर्थक झाला आहे, आणि त्याबद्दल फारशी तक्रारही दिसत नाही. वर सांगितलेल्या गगनबावड्याच्या तिघांनी घाट बाजूला ठेवून कळ्यापर्यंतचा रस्ता आधी दिला असता, तर त्यांचाही बराच त्रास वाचला असता.

कोल्हापुरातील वळण

पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांचा मॉडशी पहिला संबंध बहुधा एसटीमुळे येतो. मालेओ या इंडोनेशियन कंपनीचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ २०१७ मध्ये मोबाइलवर आला. त्यात गाडीवर आपली रंगसंगती चढवता येते आणि आपले मॉडेलही घालता येते, त्यामुळे लाल परी, शिवशाही, केएमटीची (कोल्हापूर महापालिकेची) बस अशी मागणी सुरू झाली. महागडा संगणक नसलेल्यालाही या जगात शिरता आले, हे त्याचे मोठेपण.

इथे मॉड करणारा आणि वाट पाहणारा पुष्कळदा एकाच पेठेत राहतात. परदेशी मॉडर टोपणनावाआड राहून महिनाभर गप्प बसू शकतो. शिवाजी पेठेतल्या पोराला ती सोय नाही; तो संध्याकाळी रंकाळ्यावर गेला तरी कोणीतरी गाठतोच. "भावा, गाडी कवा सोडतोयस?" "हुतंय की, आरसं ऱ्हायल्यात." "मागच्या टायमाला बी आरसंच ऱ्हायलं हुतं!" अशा तोंडी चौकशीत एक धोका असतो. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस "रविवारी देतो" म्हणून मोकळा होतो, तो रविवार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचतो आणि तिथे त्याला अधिकृत तारखेचे रूप येते. म्हणून तोंडी विचारणाऱ्यालाही ग्रुपवर शेवटचे जे लिहिले आहे तेच सांगावे, त्यापुढचा शब्द देऊ नये, असा शहाणपणा अनुभवी मंडळी बाळगतात. भिडेखातर दिलेली तारीख सगळ्यांत लवकर हुकते.

वर्षाचे वेळापत्रकही इथले आहे. शिवाजी विद्यापीठाच्या सत्र परीक्षांत काम थांबते, गणेशोत्सवात मंडळाच्या कामामुळे थांबते, शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगात आला की संध्याकाळचा वेळ त्यात जातो. पावसाळ्याचे तर काहीच सांगता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शहरातले कितीतरी भाग पाण्यात होते आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता; अशा वेळी मॉडची आठवण चाहत्यांनाही राहत नाही.

सणासाठी केलेल्या मॉडचे गणित मात्र उलटे असते. गणपतीची सजावट केलेली बस अनंत चतुर्दशीनंतर कोणालाच नको असते. तिथे तारीख हलत नाही, म्हणून काम कापावे लागते : दिव्यांची माळ राहू दे, आतली आसने जुनीच चालतील, पण गाडी चतुर्थीच्या आधी बाहेर पडली पाहिजे. तारीख पक्की असेल तर गाडीत काय काय असेल ते सांगू नये, आणि काय काय असेल ते पक्के असेल तर तारीख सांगू नये. दोन्ही एकदम कबूल करणारा फसतो.

काय कळवावे

या नोंदीच्या मते तारखेपेक्षा स्थिती कळवणे अधिक उपयोगाचे. कोल्हापूरकरांना याची जाण वेगळी करून द्यायला नको. पावसाळ्यात इथे जो तो राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असते, त्यामुळे नुसता आकडा ऐकून प्रत्येक जण आपापले काय ते ठरवतो. पाणी अमुक दिवशी गल्लीत येईल असे कोणी सांगावे लागत नाही. मॉडच्या टप्प्यांनाही असेच सर्वांना ठाऊक असलेले अर्थ हवेत. "मॉडेल झाले, रंग चढवायचा आहे", "गाडी गेममध्ये चालते, आवाज नाहीत", "पाच जण तपासत आहेत, अजून क्रॅश होते" ही वाक्ये टक्क्यांपेक्षा कितीतरी बोलकी असतात. शिवाय महिन्याभराने तेच वाक्य पुन्हा लिहावे लागले तर उशीर आपोआप दिसतो, त्याची वेगळी कबुली द्यावी लागत नाही.

तारीख द्यायचीच असेल तर ती मॉड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा खेळून झाल्यावर, आणि थोड्याच दिवसांनंतरची द्यावी. हुकणार असे दिसले तर त्या दिवसाआधी सांगावे. त्या रात्री बारा वाजता "थोडा वेळ लागेल" असा संदेश टाकला की जागे राहिलेले लोक बोलतात, आणि त्यांचे चुकत नाही. दाखवायची चित्रेही गेममधलीच असावीत. ब्लेंडर या मॉडेल घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकाशयोजना करून काढलेले झकपक चित्र टाकले की तीच गाडी मोबाइलवर आल्यावर फिकी दिसते आणि नाराजी फुकटची पदरात पडते.

किती वेळा कळवावे याला नियम नाही. काही नवे नसताना रोज काहीतरी टाकण्याने कामाचाच वेळ जातो. दीर्घ मौनही परवडत नाही, कारण मॉड बंद पडल्याची अफवा लगेच उठते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या आठवड्यात, दोन ओळी का होईना, हे बहुतेकांना झेपते.

पैशाचा संबंध

मॉड सहसा फुकट असतात, आणि फुकट वस्तूवर तारखेचा हक्क सांगता येत नाही, हा मॉड करणाऱ्यांचा जुना युक्तिवाद आहे. तो योग्य आहे, पण पैसे आले की उरत नाही. एप्रिल २०१५ मध्ये ‘स्कायरिम’ या गेमचे मॉड स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानावर विकत देण्याचा प्रयोग झाला आणि चाहत्यांच्या संतापामुळे काही दिवसांतच मागे घेतला गेला. आपल्याकडे यूपीआयवरून पाच-पन्नास रुपये घेणे, फाइलला पासवर्ड लावून तो व्हिडिओत कुठेतरी सांगणे असे लहान प्रकार चालतात. आगाऊ पैसे घेतले असतील तर तारीख, निदान पैसे परत देण्याची अट, लेखी असावी. काही गेमच्या अटींत मॉडवर पैसे घ्यायलाच मनाई असते, तेही आधी वाचावे.

काम थांबल्यावर

बरेच मॉड पुरे होत नाहीत. नोकरी लागते, लग्न ठरते, पुण्याला जावे लागते, किंवा नुसता कंटाळा येतो. तेही कळवण्याची रीत आहे, पण ती सर्वांत कमी पाळली जाते. थांबल्याचे स्पष्ट लिहिले नाही तर लोक दोन-दोन वर्षे विचारत राहतात, आणि मग तिसराच कोणी ते अर्धवट मॉडेल उचलून आपल्या नावावर पुरे करतो. शेवटच्या संदेशात म्हणून तीन गोष्टी असाव्यात : काम थांबले आहे हे, मूळ फाइली कोणाला देणार की नाही हे, आणि त्यांतला कोणता भाग स्वतः केलेला व कोणता दुसऱ्या मॉडमधून परवानगीने घेतलेला हे. शेवटचे सांगितले नाही तर पुढे काम हाती घेणारा दुसऱ्याचीच वस्तू नकळत वाटत सुटतो, आणि मूळ मालकाच्या तक्रारीवरून सगळा मॉडच काढून टाकावा लागतो.