महामार्ग रुंदीकरणात जमीन जातेय? कोणती हरकत, कोणाकडे आणि किती दिवसांत

गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी होणार ही बातमी कागदाच्या आधी येते. रस्त्याकडेला दुर्बीण लावून मोजणी करणारी मुलं दिसतात, बांधावर रंगाच्या खुणा उमटतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "थ्री-ए निघालंय." थ्री-ए म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी सरकारी अधिसूचना. त्या दिवसापासून गावात एकच चर्चा चालू होते ती म्हणजे भाव किती मिळणार. आणि नेमक्या ज्या दिवसांत भावाबद्दल बोलून काहीच उपयोग नसतो, ते दिवस या चर्चेत निघून जातात.

या प्रक्रियेत तीन वेगवेगळी दारं आहेत. रस्ता कुठून आणि कसा जावा, हे एका दारात सांगायचं. पाणी, झाडं, वन्यजीव, धूळ यांबद्दल दुसऱ्या दारात बोलायचं. मोबदल्याचं दार तिसरं. एका दारातलं म्हणणं दुसऱ्या दारात कुणी ऐकून घेत नाही.

सगळ्यात आधी रस्ता कोणाचा ते पक्कं करा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर भूसंपादन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली होतं. राज्यमार्ग किंवा जिल्हा मार्ग असेल तर कायदा वेगळा लागतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन होत असेल, तर प्राथमिक अधिसूचनेवर हरकतीला ६० दिवस मिळतात. पुढची सगळी माहिती राष्ट्रीय महामार्गाची आहे, कारण तिथे मुदत फार कमी आहे.

थ्री-ए निघाल्यावरचे २१ दिवस

कलम ३ए ची अधिसूचना केंद्राच्या राजपत्रात येते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. अक्षर बारीक, गावागावांचे तक्ते, गटनंबरांच्या रांगा. आपला गट सापडला की त्या ओळीवर बोट ठेवून एकेक रकाना वाचा. जाणारं क्षेत्र किती, जमीन जिरायत लावलीय की बागायत, नाव कोणाचं. आजोबा वारले तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव असेल, तर अधिसूचनेतही तेच येतं. वारस नोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात तलाठ्याकडे द्या, कारण पुढे पैसे अडतात ते बहुतेक इथेच.

हरकत कलम ३सी खाली घेता येते. त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे, अशी कोणीही व्यक्ती ती घेऊ शकते. सातबाऱ्यावरचा मालक तर आलाच, पण सहहिस्सेदार, कूळ, आणि त्या जमिनीतून वहिवाटीचा किंवा पाण्याचा हक्क असलेल्यानेही गप्प बसू नये. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायचा. आपल्याकडे हे काम बहुधा प्रांताधिकारी किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी पाहतात आणि त्यांचं पदनाम राजपत्रात असतं. मुदत अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवस. दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजा, घरी नोटीस आली त्या दिवसापासून नको.

हरकत लेखी हवी आणि त्यात कारणं हवीत. "आमचा रस्त्याला विरोध आहे" एवढं लिहिलेला अर्ज एका ओळीत फेटाळता येतो. या टप्प्यावर कायदा एकच प्रश्न विचारतो: ही जमीन या कामासाठी घ्यावी की नाही. म्हणून उत्तरही त्याच प्रश्नाचं द्यायचं. समोरच्या बाजूला सरकारी पड जमीन आहे, मग रुंदी दोन्हीकडे सारखी न घेता तिकडे का सरकवत नाही? वळण सरळ करताना गावाची पिण्याची विहीर जातेय का? स्मशानभूमीचा रस्ता तुटतोय का?

पाण्याबद्दलची हरकत कशी लिहावी, त्याचा एक नमुना देतो:

"आमच्या गटाच्या वरच्या बाजूने येणारा ओढा सध्याच्या रस्त्याखालून तीन गाळ्यांच्या मोरीतून जातो. आराखड्यात त्या ठिकाणी एकच नळाची मोरी दाखवली आहे. रस्त्याचा भराव वाढल्यावर पावसाळ्यात पाणी तुंबून वरच्या अंगाची शेतं पाण्याखाली जातील. सोबत पावसाळ्यातले फोटो, गाव नकाशा आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडली आहे. मोरीची रुंदी वाढवावी, अन्यथा संपादनाची आखणी बदलावी."

एवढं नेमकं लिहिलं की सुनावणीत अधिकाऱ्याला अभियंत्याकडून उत्तर मागवावंसं वाटतं. गुरं पलीकडे नेण्यासाठी भुयारी मार्ग, सेवा रस्ता, शेताला जाणारी वाट हे सगळं याच अर्जात मागा. डांबर पडल्यावर या मागण्या घेऊन फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना प्रत्येक कार्यालयात एकच उत्तर मिळतं, की आता आराखडा मंजूर झालाय.

अर्जाला सातबारा, ८अ, फेरफार, गटाचा नकाशा आणि ओळखपत्राची प्रत जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह शिक्का मारून पोहोच घ्या. पोहोच नसेल तर हरकत घेतलीच नाही असं धरलं जाण्याचा धोका असतो. सुनावणीला स्वतः जाता येतं, वकील पाठवता येतो. त्यावरचा आदेश कायद्याने अंतिम असतो, नंतर उरतं ते उच्च न्यायालयच.

हरकती निकाली निघाल्या की कलम ३डी ची घोषणा होते आणि त्या दिवशी जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. नांगर तुम्हीच धरलेला असला तरी मालकी गेलेली असते. एक तारीख मात्र लिहून ठेवा. ३ए पासून एका वर्षात ३डी निघाली नाही, तर ती ३ए रद्दबातल होते. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ या वर्षात धरत नाहीत.

पर्यावरणाचं दार: सगळ्या रस्त्यांना उघडं नसतं

इथे गैरसमज फार आहेत. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत महामार्गांची नोंद ७(एफ) वर आहे. २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाच्या विस्ताराला पूर्वपरवानगी केव्हा लागते? लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि जादा जागा सध्याच्या मार्गावर ४० मीटरपेक्षा, किंवा वळवलेल्या मार्गावर आणि बाह्यवळणावर ६० मीटरपेक्षा जास्त लागत असेल, तेव्हा. म्हणजे गावाकडचं बरंच रुंदीकरण या चाळणीतून बाहेर पडतं. लांब रस्त्याचे तुकडे पाडून परवानगी टाळली जाते का, हा प्रश्न विल्लुपुरम–नागपट्टिणम महामार्गाच्या निमित्ताने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणून फक्त आपल्या टप्प्याची लांबी विचारू नका. पूर्ण प्रकल्प कुठून कुठपर्यंत आहे, हे माहिती अधिकारात मागा.

परवानगी लागत असेल तर जनसुनावणी होते. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. जाहीर सूचना किमान ३० दिवस आधी निघाली पाहिजे. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. त्याचा सारांश मराठीत असतो, तो मागून घ्या. सुनावणीचं चित्रीकरण होतं. गणपूर्तीची अट नाही. दहाच माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात, हे लक्षात ठेवून गावाने जावं.

बोलण्याचा हक्क स्थानिक बाधितांचा आहे. लेखी म्हणणं मात्र ज्याचा विषयाशी रास्त संबंध आहे असा कोणीही पाठवू शकतो. जमीन न जाणारा शेजारी गाव, शाळा, पाणीवापर संस्था, सगळे. भावाचा विषय इथेही काढू नका, इतिवृत्तात तो नुसता नोंदवला जातो. भरावासाठी मुरूम कुठून उचलणार, खडी क्रशर कुठे बसणार, कापलेल्या वडाच्या बदल्यात कुठे आणि कसली झाडं लावणार, हे विचारा. इतिवृत्त त्याच दिवशी वाचून दाखवलं जातं. आपला मुद्दा त्यात नसेल तर तिथेच उभं राहून सांगा.

एक अट मात्र माहीत असू द्या. ज्या विस्तारात नवीन जमीन घ्यावी लागत नाही, त्याला जनसुनावणीतून सूट आहे.

परवानगीच लागत नसेल तरी बाकीच्या मंजुऱ्या उरतात. वनजमीन जात असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. अभयारण्य असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाकडे प्रकरण जातं. या मंजुऱ्यांमध्ये किती ताकद असते, ते पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या नागपूर–शिवनी रस्त्यावर दिसतं. तिथे चौपदरीकरण झालं ते जनावरांसाठी भुयारी मार्ग बांधूनच. त्यांतून वाघही जातात, हे कॅमेऱ्यांनी टिपलंय.

पर्यावरण मंजुरी मिळाली आणि ती चुकीची वाटली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. महाराष्ट्रासाठीचं पीठ पुण्यात आहे.

संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा

मोजणीच्या नोटिशीवर सही करून बरेच जण कामाला निघून जातात. माझ्या मामांनी तेच केलं. त्यांच्या शेतात बांधाला समांतर पाइपलाइन पुरलेली होती, वर फक्त एक व्हॉल्व्हचा खड्डा दिसायचा आणि त्यावर गवत वाढलेलं. मोजणी झाली, पंचनाम्यात विहीर आली, आंबे आले, पाइपलाइन आली नाही. जमिनीखालचं कुणाला दिसणार? नंतर ती नोंद करून घ्यायला मामांनी दीड वर्ष घातलं.

म्हणून आदल्या दिवशीच गवत काढा, व्हॉल्व्ह उघडे करा, फळझाडांना चुन्याने आकडे घाला. पंचनाम्याची प्रत मागा आणि काही राहिलं असेल तर सही करताना त्यावरच लिहा. बांधकामाचं मूल्यांकन अभियंता करतो, फळझाडांचं कृषी खातं, लाकूडझाडांचं वन खातं. त्यांच्यापुढे येतं ते पंचनाम्यातलंच.

मोबदल्याचं दार

कलम ३जी ची जाहीर सूचना आली की दावा दाखल करायचा. भाव ३ए प्रसिद्ध झाल्याच्या तारखेचा धरतात. १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या कायद्याचे मोबदल्याचे निकष इथेही लागू आहेत. बाजारभाव, ग्रामीण भागासाठी राज्याने ठरवलेला १ ते २ मधला गुणांक, आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. शेताचे दोन तुकडे झाल्याचं नुकसान आणि घर हलवण्याचा खर्चही मागता येतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

दाव्यासोबत चालू सातबारा, ८अ, फेरफार, आधार, पॅन, बँक पासबुक लागतंच. मालक वारला असेल तर वारस नोंद किंवा वारस दाखला. घर जात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि वीजबिल. बिगरशेती असेल तर त्याचा आदेश. सोसायटीचा बोजा असेल तर त्यांचं पत्र. बागायतीचा पुरावा म्हणून पीकपाहणीच्या नोंदी आणि कारखान्याच्या ऊसपावत्या फार कामाला येतात. आसपासच्या सारख्या जमिनींची खरेदीखतं दुय्यम निबंधकाकडून काढा. भाव वाढतो तो या कागदांवर.

भाऊबंदकीत वाटणीवरून वाद असेल तर रक्कम दिवाणी न्यायालयात जाते आणि तिथे वर्षं जातात. शक्य असेल तर संमतीपत्र आधीच करा. रक्कम जमा झाल्यावर ताब्याची नोटीस येते आणि ६० दिवसांत जागा सोडावी लागते.

निवाड्याची, म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेल्या मोबदल्याची, रक्कम मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करायचा. लवादाने रक्कम वाढवली तर वाढीव भागावर ताबा घेतल्यापासून वर्षाला ९ टक्के व्याज मिळतं. तोवर पैसे उचलायला हरकत नाही. फक्त उचलताना पुढे केलेला छापील कागद पूर्ण वाचा. "रक्कम मान्य असून यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही" असं वाक्य त्यात असेल तर ते खोडायला सांगा, "हक्क राखून स्वीकारली" असं स्वतःच्या अक्षरात लिहा आणि मगच सही करा.