सोडियम पंप एकटा नसतो

पेशीच्या पटलात बसून सोडियम बाहेर टाकणाऱ्या पंपाबद्दल दादरच्या क्लासांतल्या नोट्समध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘सोडियम पंपाचा वेग फक्त सोडियम, पोटॅशियम आणि एटीपीवर ठरतो.’ (एटीपी म्हणजे पेशीचं इंधन.) परवा भाचीच्या वहीतही तेच दिसलं. हे अर्धवट आहे.

डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये जगापुढे आणलेला हा पंप एका एटीपीमागे ३ सोडियम आयन बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो. इथवर नोट्स बरोबर. पण पंपाला खेटून पेशीपटलात एक चिमुकलं प्रथिन बसलेलं असतं, एफएक्सवायडी कुळातलं. सस्तन प्राण्यांत अशी ७ आहेत. हृदयातलं फॉस्फोलेमन अवघ्या ७२ अमिनो आम्लांचं! एरवी ते पंपाची सोडियमवरची पकड सैल ठेवतं. म्हणजे ब्रेक लावून ठेवतं. लोकल पकडायला तुम्ही पुलाचा जिना धावत चढता, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, फॉस्फोलेमनला फॉस्फेट जोडला जातो आणि ब्रेक सुटतो. ठोके वाढल्यामुळे पेशीत जास्त शिरलेलं सोडियम म्हणूनच वेळेत बाहेर जातं. मला यातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

मूत्रपिंडात याचं भावंड असतं, एफएक्सवायडी-२. त्याच्या जनुकातल्या एका दोषामुळे काही कुटुंबांत लघवीवाटे मॅग्नेशियम वाया जातं आणि रक्तातलं प्रमाण घटतं.