कुत्र्याचं घरचं जेवण: मल्टिव्हिटॅमिन वेगळं, बॅलन्सर वेगळा

कुत्र्याला घरी शिजवून घालणाऱ्यांच्या फळीवर सप्लिमेंटची एखादी डबी असतेच. कुणाकडे चघळायच्या गोळ्या, कुणाकडे पावडर, कुणाकडे सिरप. डबीवर तुकतुकीत केसांच्या कुत्र्याचा फोटो आणि खाली ‘व्हिटॅमिन्स व मिनरल्सयुक्त’ अशी ओळ. ‘सप्लिमेंट चालू आहे ना?’ असं कुणी विचारलं की ‘हो’ म्हणायचं आणि विषय संपला. पण विचारायला हवं ते पुढेच आहे: चालू आहे ते नेमकं काय? कारण सप्लिमेंट म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, त्या दिसतात सारख्या आणि एकीच्या जागी दुसरी वापरली तर नुकसान होतं.

एक म्हणजे मल्टिव्हिटॅमिन. ते बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की कुत्र्याच्या भांड्यात आधीच पूर्ण आहार आहे, बहुधा तयार खाद्य. त्या पूर्ण आहारावर थोडीशी भर घालायची, एवढंच त्याचं काम. त्यात घटक कमी ठेवतात ते मुद्दामच, कारण भरल्या भांड्यात जास्त ओतलं तर ते बाधेल.

दुसरी वस्तू म्हणजे बॅलन्सर, म्हणजेच घरच्या जेवणासाठीचं प्रीमिक्स. ते बनवणारा उलटं गृहीत धरतो: भांड्यात मांस, भात, भाज्या आहेत आणि त्यात ठरावीक घटक कमी पडणारच आहेत. तेवढी तूट मोजून ती भरून काढणारं हे मिश्रण असतं. त्यामुळे ते जेवणावरची भर नसून जेवणाचाच भाग आहे. ते वगळलं तर रेसिपी अर्धवट राहते.

हे कळण्यासाठी एक भांडं मोजूनच पाहू. दहा किलोचा, नसबंदी झालेला, बेताची हालचाल असलेला प्रौढ कुत्रा घ्या. त्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. २०० ग्रॅम शिजवलेलं बिनकातडीचं, बिनहाडाचं चिकन ब्रेस्ट, २०० ग्रॅम शिजलेला पांढरा भात आणि एक छोटा चमचा तेल घेतलं की कॅलरींचा हिशोब जुळतो. जेवण ताजं, स्वच्छ, कुत्रा चाटूनपुसून खाईल असं.

यात कॅल्शियम किती? चिकनमधून सुमारे ३० मिलिग्रॅम, भातातून २०. झाले ५०. आणि गरज? अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या संस्थेच्या निकषांनुसार प्रौढ कुत्र्याला दर १००० किलोकॅलरीमागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम मिळायला हवं. या कुत्र्याच्या वाट्याला ते जवळपास ७९० मिलिग्रॅम येतं. हवं त्याच्या पंधरा-सोळावा हिस्साच भांड्यात आहे. मूठभर गाजर-भोपळा घातला तरी हा आकडा फारसा हलत नाही.

त्यात भर म्हणजे याच भांड्यात फॉस्फरस ५४० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने असावं, फार तर दुप्पट. इथे ते अकरास एक असं उलटं पडलंय. मांस कितीही वाढवलं तरी हे सुधारत नाही, उलट बिघडतं, कारण निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. ‘मी तर भरपूर चिकन घालते, माझ्या कुत्र्याला कसली कमतरता?’ या समजुतीतली मेख हीच आहे.

झिंकचीही तीच गत. गरज साडेबारा मिलिग्रॅमची, भांड्यात तीनच्या जवळपास. व्हिटॅमिन डी नावापुरतं. माणसाला ऊन खाऊन ते मिळतं, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, त्यामुळे ते अन्नातूनच यावं लागतं. आयोडीन, व्हिटॅमिन ई, कोलीन, तांबं यांतही कमी-अधिक खड्डे राहतात. व्हिटॅमिन सीची मात्र काळजी नको, ते निरोगी कुत्र्याचं यकृत स्वतः बनवतं.

आता हे खड्डे घेऊन मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीकडे या. नुसत्या कॅल्शियमचीच तूट ७४० मिलिग्रॅम आहे. कॅल्शियम सुटं देता येत नाही, ते क्षाराच्या रूपात द्यावं लागतं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे ७४० मिलिग्रॅमसाठी सुमारे १.८५ ग्रॅम पावडर लागेल. दीड-दोन ग्रॅमच्या गोळीत चव, पीठ, बांधणी धरून ठेवणारे पदार्थ आणि बाकीची डझनभर नावं बसवल्यावर एवढं कॅल्शियम मावणार कुठे? यात कंपनीची लबाडी नाही, साधं आकारमानाचं गणित आहे. जीवनसत्त्वं मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅममध्ये लागतात, ती चिमुकल्या गोळीतही बसतात. कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम ही ग्रॅममध्ये मोजायची मंडळी, त्यांना जागा लागते. म्हणून घरच्या जेवणाचा खरा बॅलन्सर गोळीत क्वचितच दिसतो. तो पावडरच्या डब्यात येतो आणि वजन करून घालायचा असतो.

लेबलवर २५ नावं छापलेली असली की आपण भारावतो. नावांना काही अर्थ नाही, त्यांच्यापुढचा आकडा वाचा. ‘कॅल्शियम’ लिहिलंय आणि पुढे ‘४० मिलिग्रॅम’ असेल, तर ७४०च्या तुटीपुढे त्याने काय होणार? आणि आकडाच छापलेला नसेल, तर ती डबी घरच्या जेवणासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुत्रा तर मजेत दिसतो!

यानेच लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. घरचं जेवण सुरू केल्यावर कुत्रा आवडीने खातो, उड्या मारतो. महिने जातात, काही होत नाही. प्रौढ कुत्र्याच्या शरीरात कॅल्शियमचा मोठा साठा असतो, तो म्हणजे त्याची हाडं. अन्नातून कॅल्शियम कमी आलं की पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त संप्रेरक सोडते आणि हाडांमधून कॅल्शियम ओढून रक्तातली पातळी राखते. हृदय आणि स्नायू त्याच पातळीवर चालतात, ती पडू देऊन चालत नाही. म्हणून रक्ततपासणीत कॅल्शियम ‘नॉर्मल’ येतं आणि आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात तो अहवाल फक्त रक्ताचा असतो, हाडं आतून पोखरत असली तरी त्यात दिसत नाही. पुढे जबड्याचं हाड मऊ पडतं, दात हलतात, किरकोळ उडीने पाय मोडतो.

पिल्लांमध्ये हे फार लवकर घडतं, कारण त्यांचा साठा लहान आणि गरज मोठी. वाढत्या पिल्लाला दर १००० किलोकॅलरीमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं, प्रौढाच्या दुपटीहूनही जास्त. केवळ चिकन-भातावर वाढणारं पिल्लू काही आठवड्यांतच लंगडायला लागू शकतं. मग ‘कॅल्शियम कमी पडलं’ म्हणून घाईने सिरपच्या बाटल्या सुरू होतात आणि मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर वेगळाच धोका उभा राहतो. लहान वयात आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. जेवढं येईल त्यातलं बरंच शोषलं जातं आणि हाडांची, सांध्यांची वाढ बिघडते. पिल्लाच्या बाबतीत अंदाजाला जागाच नाही. वाढीचं वय संपेपर्यंत पिल्लांसाठीचं पूर्ण तयार खाद्य द्यावं, किंवा पशुपोषणतज्ज्ञाने त्याच पिल्लासाठी मांडून दिलेली रेसिपी. तिसरा पर्याय मी कुणालाच सुचवणार नाही.

चूक दुसऱ्या बाजूनेही होते. कुणी तयार पूर्ण खाद्य देतं, वर ‘आणखी ताकद यावी’ म्हणून बॅलन्सरचा चमचा टाकतं. त्या खाद्यात व्हिटॅमिन ए, डी, कॅल्शियम, झिंक सगळं मोजून घातलेलंच असतं. वरचा चमचा ते प्रमाण दुप्पट करू शकतो. व्हिटॅमिन डी लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठत राहतं आणि अति झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: उलट्या, भूक मंदावणं, खूप तहान, खूप लघवी, आणि वेळीच थांबलं नाही तर मूत्रपिंडाला इजा. २०१९ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला कुत्र्यांचं डबाबंद खाद्य परत मागवावं लागलं, ते कारखान्यात खाद्यात मिसळायच्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात व्हिटॅमिन डी प्रमाणाबाहेर गेल्यामुळेच. कारखान्यात मोजमापाची यंत्रणा असूनही हे झालं. घरी अंदाजपंचे चमचे घालताना म्हणूनच जपायचं.

थोडक्यात, मल्टिव्हिटॅमिन घरच्या जेवणावर दिलं तर कमतरता राहते आणि बॅलन्सर तयार खाद्यावर दिला तर अतिरेक होतो.

अंड्याचं कवच, हाडांची भुकटी, माशाचं तेल

‘आम्ही अंड्याच्या कवचाची पावडर घालतो, मग बॅलन्सर कशाला?’ असा प्रश्न नेहमी येतो. कवच हे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच आहे, वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम. स्वच्छ धुऊन, वाळवून, मैद्यासारखं बारीक दळलं तर ते कॅल्शियमचा चांगला स्रोत आहे. वरच्या भांड्यात साधारण दोन ग्रॅम घातलं की कॅल्शियमचा खड्डा भरतो. पण तेवढाच. झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी, ई तसेच कमी राहतात. कॅल्शियम हात सैल सोडून घातलं तर झिंकचं शोषण आणखी घटतं, मग डोळ्यांभोवती, ओठांच्या कडांना, पंजांच्या गाद्यांवर खपल्या धरू लागतात. एक खड्डा बुजवणं म्हणजे रस्ता तयार होणं नव्हे.

हाडांच्या भुकटीत कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही असतो, तेव्हा ती कवचाच्या जागी त्याच मापाने चालत नाही. आणि बागेत खत म्हणून मिळणारी हाडांची भुकटी कुत्र्याला कधीच द्यायची नाही.

माशाचं तेल आणि कॉड लिव्हर ऑइल हीसुद्धा अशीच गल्लत होणारी जोडी. साधं माशाचं तेल माशाच्या अंगातून काढतात, ते ओमेगा-३ साठी. कॉड लिव्हर ऑइल यकृतातून निघतं, त्यात व्हिटॅमिन ए आणि डी भरपूर. बॅलन्सरमध्ये ही दोन्ही व्हिटॅमिन्स आधीच असतात, म्हणून वरून कॉड लिव्हर ऑइल नको.

माणसांच्या मल्टिव्हिटॅमिनला तर हातच लावू नका. काही चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं. लोह आणि व्हिटॅमिन डीचं माणसाच्या हिशेबातलं प्रमाण लहान कुत्र्याला झेपणारं नाही.

बॅलन्सर घेतला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. तो कुठल्या जेवणासाठी बनवलाय हे डब्यावर लिहिलेलं असायला हवं. काही बॅलन्सर ठरावीक रेसिपीला बांधलेले असतात: इतके ग्रॅम मांस, इतका भात, इतकं तेल, त्यात इतके ग्रॅम पावडर. तिथे चिकनऐवजी लिव्हर घातलं तर व्हिटॅमिन ए आणि तांबं एकदम वर जातं. भात काढून बटाटा घातला, तेल ‘नकोच’ म्हणून वगळलं, की ज्या हिशेबावर ते मिश्रण बेतलंय तोच मोडतो. तेल ही चैन नाही, त्यातून लिनोलेइक आम्ल येतं आणि ते कुत्र्याच्या शरीराला बनवता येत नाही. म्हणून वाटी-चमचा बाजूला ठेवा आणि ग्रॅमचा वजनकाटा वापरा. पावडर शिजताना घालू नका, जेवण कोमट झाल्यावर मिसळा, उष्णतेने थायमिनसारखी जीवनसत्त्वं घटतात. आणि नीट कालवा, नाहीतर हुशार कुत्रा चिकन वेचून खातो आणि पावडर तळाला राहते.

रेसिपी छापील आहे म्हणून ती बरोबर आहे, असंही धरून चालू नका. २०१३ मध्ये डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रौढ कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती रेसिपी तपासल्या. पुस्तकांतल्याही, वेबसाइटवरच्याही, आणि निम्म्याहून अधिक पशुवैद्यांनी लिहिलेल्या. ९५ टक्के रेसिपींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. बहुतेकींत सूचनाही मोघम होत्या. ‘एक व्हिटॅमिनची गोळी घाला’ अशी सूचना कुठे वाचली, तर ती रेसिपी तिथेच मिटवून ठेवावी. कुठली गोळी, किती मिलिग्रॅमची, हे न सांगणाऱ्याने हिशोब मांडलेलाच नसतो.

कुत्रा मुळात पूर्ण तयार खाद्यावर असेल आणि घरचं चिकन, भाजी, अंडं वरवर घालायचं असेल, तर ते दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, मग मल्टिव्हिटॅमिन किंवा बॅलन्सर, कशाचीच गरज नाही. अर्धं तयार, अर्धं घरचं असा बेत असेल तर बॅलन्सर फक्त घरच्या अर्ध्या हिश्श्यापुरता मोजायचा.

आजारी कुत्र्याचं गणित निराळं. मूत्रपिंडाच्या विकारात फॉस्फरस कमी ठेवावा लागतो, आणि सर्वसाधारण बॅलन्सरमध्ये तो मुद्दाम घातलेला असू शकतो. स्वादुपिंडाचा त्रास असेल तर तेलाचं प्रमाण बदलतं. काही जातींच्या यकृतात तांबं साठतं, त्यांना जादा तांबं चालत नाही. अशा कुत्र्यासाठी बाजारातला कुठलाच डबा आपल्या मनाने उचलू नये. डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराचं जेवण ग्रॅममध्ये लिहून न्या, खाऊ आणि तेलही त्यात धरा, आणि डबीच्या पुढच्या बाजूचा नको, मागच्या तक्त्याचा फोटो न्या.